गाडीतली ईर्यासमिती



मागच्या चतुर्दशीला अभिषेकाला उशीर होत होता. लांबचा यू-टर्न नको म्हणून मीच मुलाला म्हटले, "घाल रे उलट्या बाजूने, दोन मिनिटांचा तर प्रश्न!" भाजीची पाटी घेतलेल्या एक आजी उजवीकडे बघून रस्ता ओलांडत होत्या, आम्ही डावीकडून आलो. पाटी सांडली, आजी थोडक्यात वाचल्या. उतरून भाजी गोळा केली, माफी मागितली. पण मंदिरात मन लागेना.

मुंगीलाही इजा नको म्हणून चार हात जमीन पाहून चालावे, ही ईर्यासमिती. गाडीला चार हात कसे पुरतील? मी कॉमर्सची, हिशोब केला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दीड फुटाचा हात धरला तर छत्तीस हात! तेही ब्रेकवर पाय पडण्याआधी. तिथे मोबाइल बघत रस्ता ओलांडणाऱ्यानेही विचार करावा.

गाडी मुलगा चालवत होता, म्हणून मी सुटत नाही. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींनी कर्मबंध होतो. घाई माझी होती.

आता आम्ही दहा मिनिटे आधी निघतो, आणि "लवकर चल" म्हणणे मी सोडले आहे. शेजारच्या सीटवर बसून तुम्ही काय म्हणता?