गाडी तापते? आधी नाडी बघा, मग ऑपरेशन



एरवी माझ्या टेबलावर येणारी पत्रं लोणच्याला बुरशी का आली, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, अशा प्रश्नांची असतात. या आठवड्यात देवरुखकडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे, ते जरा निराळं आहे. त्यांच्याकडे तेरा वर्षांची डिझेल पिकअप आहे. हंगामात आंब्याच्या पेट्या भरून ती आंबा घाटातून कोल्हापूरला जाते. गाडी दीर चालवतात, हिशेब या ठेवतात. सपाट रस्त्यावर, बाजारातल्या गर्दीतही काटा जागचा हलत नाही. पण भरलेली गाडी घाट चढू लागली की अर्ध्या वाटेत तो तांबड्या रेघेला टेकतो. पाणी फारसं कमी होत नाही. गॅरेजवाल्यांनी निदान केलं, “हेड काढावं लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो कर्ज काढून इंजिन करू, दुसरा म्हणतो गाडीच विकू. “हंगामाचे तीनच आठवडे उरलेत. मला यंत्रातलं काही कळत नाही, काय करू?”

बाई, जिला कुकर कळतो तिला रेडिएटर कळायला काहीच अडचण नाही. इंजिनात डिझेल जळतं, त्याची उष्णता पाणी उचलतं, पंप ते पाणी रेडिएटरकडे ढकलतो, तिथं वारा आणि पंखा ते थंड करतात आणि पाणी परत इंजिनाकडे वळतं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो वाट बंद ठेवतो, तापलं की उघडतो. आणि रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच! आत दाब ठेवायचा, म्हणजे पाणी १०० अंशांना उकळत नाही. कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जातं. रेडिएटरचा दाब साधारण तितकाच किंवा थोडा कमी असतो. झाकणाचं रबर चिरलं की दाब गेला, आणि पाणी लवकर उकळून बाहेर.

पहिला प्रश्न: कधी तापते?

डॉक्टर जसे ‘ताप कधी येतो’ विचारतात, तसंच इथं. निम्मं निदान या एका प्रश्नात होतं.

गर्दीत उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की निवते, तर दोष वाऱ्याचा: पंख्याचा पट्टा सैल झाला असेल, पंख्याचा क्लच किंवा मोटार गेली असेल.

उभी असताना ठीक, पण ओझं घेऊन चढावर तापते, तर उष्णता जितकी तयार होते तितकी बाहेर पडत नाही. संशय आधी रेडिएटरवर, मग पाण्याच्या पंपावर.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट गेलं आहे.

आणि गार इंजिनाची किल्ली फिरवताच काटा तांबड्यावर गेला, तर इंजिन नव्हे, काटाच खोटा बोलतो आहे. उलटही होतं, हे ध्यानात ठेवा: पाणी पार संपलं तर काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली दिसू शकतो.

आमच्या या भगिनीची गाडी दुसऱ्या प्रकारात बसते. हेडचा दोष अगदीच नाही असं इथं बसून म्हणता येणार नाही. पण तो संशयितांच्या यादीत शेवटचा आहे, पहिला नव्हे.

स्वस्तापासून सुरुवात करा

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना:

१. पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर गेलं कुठं? रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरा, सकाळी ओला डाग जागा सांगतो. होज पाइप चिरलेत का, पंपाखालच्या बारीक भोकातून ओल येते का, तेही बघा.

२. झाकणाचं रबर बघा. कडक झालं असेल, चिरलं असेल तर त्याच दाबाचं नवीन घ्या. हेडच्या खर्चापुढे ही चिल्लर आहे.

३. रेडिएटरच्या जाळीत बॅटरी लावून बघा. धूळ, किडे, पेंढ्याच्या काड्या यांनी ती गच्च भरते. पेट्यांतलं गवत वाहणाऱ्या गाडीत तर विशेष! इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, पाण्याची धार हलकी ठेवून धुवा. जोराच्या फवाऱ्यानं पत्रे वाकतात.

४. आतून साचलेले क्षार. अंघोळीच्या बंबात जसा पांढरा थर धरतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. वर्षानुवर्षं विहिरीचं, त्यातून मचूळ पाणी घातलं असेल तर नळ्या बुजतात. गाडी फिरवून आणल्यावर इंजिन बंद करा, पंखा थांबू द्या, आणि जाळीजवळ हात न लावता फिरवा. एखादा पट्टा गार लागला तर तिथून पाणी वाहत नाही असं समजा. मग रेडिएटर साफ करून घ्यावा किंवा बदलावा.

५. थर्मोस्टॅटची परीक्षा तर चुलीवरच होते. मेकॅनिककडून तो काढून घ्या. जुन्या पातेल्यात दोऱ्यानं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. त्यावर अंश कोरलेले असतात, बहुधा ८० ते ९० मधला आकडा. त्या सुमाराला तो उघडू लागला पाहिजे आणि उकळीपर्यंत चांगला उघडला पाहिजे. नाही उघडला तर चोर सापडला. (ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.) “काढूनच टाका, आपल्याकडच्या हवेत लागत नाही,” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. इंजिन गार राहून डिझेल जास्त खातं, झिजतं. आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला बगल देऊन जवळच्या वाटेनं परत फिरतं, म्हणजे चढावर गाडी उलट जास्तच तापते.

६. प्रवासानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक इतरांपेक्षा फार तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे. बिचारं इंजिन ओझं ओढतं आणि ब्रेकही ओढतं!

हेडला होकार कधी द्यावा?

पाणी कमी होतं पण गळती कुठंच दिसत नाही. धुराड्यातून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. तेल दुधाळ, चहासारखं झालं आहे. गार इंजिन झाकण काढून सुरू केलं तर पाण्यात बुडबुडे थांबतच नाहीत. सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो. यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर गॅस्केटचा संशय खरा. (तेलाच्या झाकणाखाली थोडा फेस नुसत्या दमट हवेनंही येतो, तेवढ्यावर घाबरू नका.) तरीही आधी दोन तपासण्या मागा: रेडिएटरची प्रेशर टेस्ट, आणि पाण्यात इंजिनाचा वायू येतो का ते दाखवणारं रसायन. वायू असेल तर त्याचा निळा रंग बदलतो. तुमच्यासमोर करा म्हणावं. पैसे आपण देतो, तर बघण्याचा हक्कही आपला.

घाटात काटा चढला तर

दिरांना हे नक्की सांगा. काटा वर सरकू लागताच खालचा गिअर घ्यावा, घाई सोडावी, जागा मिळताच बाजूला थांबावं. वाफ नसेल तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवावं, बऱ्याचदा काटा उतरतो. वाफ दिसली, पाणी गळालं किंवा काटा उतरेना, तर ताबडतोब बंद. आणि काही झालं तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही! शिट्टीसकट भरलेला कुकर आपण उघडतो का? तोंड-हात भाजून माणसं आयुष्याची अधू झाली आहेत. निदान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. मग खरंच हेड काढावं लागेल.

कूलंटबद्दल थोडं

साधं पाणी ही फक्त अडचणीच्या वेळची सोय. एरवी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालावं, गंज आणि क्षार दोन्ही टळतात. मात्र नेहमीचं कूलंट चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं असतं. सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. सांडलं तर लगेच पुसा, मुलं आणि कुत्री-मांजरं चाटतात.

शेवटी, दुधाच्या वहीसारखी गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, किती पाणी घातलं, कुठल्या वळणावर काटा चढला. पंधरा दिवसांची अशी वही घेऊन गॅरेजात उभ्या राहिलात, तर तुम्हाला कोणी “ताई, तुम्हाला नाही कळायचं” म्हणणार नाही.