फिजिओलॉजीला ऑप्शनला टाकू नका

‘फिजिओलॉजीला फार वेळ देऊ नकोस, मार्क कमी आहेत.’ नीट पीजीच्या तयारीत हा सल्ला सिनियरपासून टेलिग्राम ग्रुपपर्यंत सगळे फुकट वाटतात. मीही त्याच रांगेत उभी आहे, त्यामुळे त्यामागचं गणित मला कळतं. एमबीबीएसचे 19 विषय, 200 प्रश्न, 800 मार्क. 2024 पासून पेपर पाच भागांत: 42 मिनिटांत 40 प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला 63 सेकंद, आणि चुकलं की एक मार्क कापला. अशा वेळी मेडिसिन, सर्जरी आधी करणारच.

माझं भांडण त्या क्रमाशी नाही. उरलेल्या वेळात फिजिओलॉजीच्या नावाखाली जे घोकलं जातं, त्याच्याशी आहे.

ऑक्सिजन-हिमोग्लोबिनचा कर्व्ह घ्या. ‘कार्बन डायऑक्साइड, आम्लता, तापमान वाढलं की उजवीकडे’ ही ओळ आपल्या सगळ्यांच्या नोट्समध्ये पिवळ्या हायलायटरखाली आहे. पण राबणारा स्नायू गरम होतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल सोडतो, आणि त्याच खुणेवर हिमोग्लोबिन त्याला जास्त ऑक्सिजन देतं. हे एकदा समजलं की ओळ पाठ करावीच लागत नाही. आपण मात्र ती पाठ करतो, पंधरा दिवसांत विसरतो, पुन्हा पाठ करतो. यात वेळ वाचला कुठे?

आणि प्रश्न फक्त मार्कांचा नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसं पाहिली. ते रुग्णांच्या उशाशी बसले, बीपी, नाडी, श्वास नोंदवत राहिले. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. मग त्या आवळणाऱ्या अल्फा रिसेप्टरलाच अडवलं तर? प्रॅझोसिन हे बीपीचं औषध नेमकं तेच करतं. त्यांनी ते वापरलं आणि माणसं वाचू लागली. हे उत्तर कुठल्याही ‘हाय यील्ड’ यादीत त्यांची वाट बघत नव्हतं.

‘दोन लाखांवर पोरं बसतात, एमसीक्यूशिवाय परीक्षा घेणार कशी?’ असं कुणी म्हणेल. एमसीक्यू असू दे की! रुग्णाचं बीपी, नाडी, लघवीचं प्रमाण देऊन ‘आता शरीरात काय चाललंय?’ हे चार पर्यायांतही विचारता येतं. असे प्रश्न वाढवा, ही मागणी आपण परीक्षा घेणाऱ्यांकडे केली पाहिजे. आणि एका ओळीची उत्तरं पॅकेट करून विकणाऱ्या कोचिंगला ‘यामागचं कारण सांगा’ असं विचारलं पाहिजे. फी आपण भरतोय.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. अ‍ॅप बंद करून कोऱ्या कागदावर कर्व्ह काढायचा आणि प्रत्येक वळणाला ‘का’ विचारायचं. कारण रँक कितीही येवो, आपल्यातल्या अनेकांना बॉण्डची ड्युटी एखाद्या पीएचसीत करायची आहे. रात्री दोनला तिथे घामाने थबथबलेला, धापा टाकणारा माणूस येईल. तो सोबत चार पर्याय घेऊन येणार नाही.