अटकेपार गेलात, घरी कोण होतं?

आपल्या पोरांना झेंडा रोवता येतो, पहारा देता येत नाही. खोटं वाटत असेल तर घोडेगावात रात्री अकरानंतर कुणाच्याही लॅपटॉपमध्ये डोकावा. एम्पायर टोटल वॉर २००९ चा खेळ, पण त्याचं वेड उतरत नाही, कारण त्यात मराठे घेऊन खेळता येतं. सन १७००, औरंगजेब जिवंत, वर्षाला दोन टर्न. मग काय, अंगात येतं.

हैदराबाद घेतलं, चला पुढं. बंगाल घेतला, चला पुढं. घेतलेल्या शहरात पलटण ठेवायची नाही, कारण ती मागं राहिली की पुढचं शहर लांबतं. नकाशावर आपला रंग पसरतोय ना, मग झालं. तीस-चाळीस टर्न हा थाट चालतो. मग मागं एका प्रांतात बंड होतं. दुसरीकडून शत्रूची एक फुटकळ तुकडी सरहद्द ओलांडते. ती शहराला हातही लावत नाही. वेशीबाहेरच्या शेतीवर, बंदरावर ठाण मांडते आणि जाळपोळ करते. उत्पन्न आटतं, फौजेचा खर्च तेवढाच राहतो, तिजोरी तळाला जाते. गड्याची कडवी फौज तेव्हा पंजाबात असते आणि तिला घरी यायला कितीतरी टर्न लागणार असतात.

आणि मग ठरलेलं रडगाणं: कॉम्प्युटर चीटिंग करतो! जुनी सेव्ह लोड करायची आणि पुन्हा तेच करायचं. वरच्या डिफिकल्टीवर कॉम्प्युटरला सवलती मिळतात, कबूल. पण रिकाम्या मुलखात शिरायला सवलत लागत नाही, बाबांनो. पाय असले की पुरतं.

आपल्या शेजारी शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं नाहीत, कारण पहाऱ्याला शनिदेव आहेत अशी गावाची श्रद्धा. तरी २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा उघडली, तेव्हा काचेचं का होईना, दार बसवलंच. तुम्ही मात्र अख्खा हिंदुस्थान बिनदाराचा ठेवता. तुमच्या बंगालच्या वेशीवर कुठले शनिदेव बसलेत?

हे खूळ पोरांनी आकाशातून आणलेलं नाही. आपण त्यांना अटक शिकवली, अटकेनंतरचं शिकवलं नाही. १७५८ च्या एप्रिलमध्ये राघोबादादा लाहोरात शिरले. छाती फुगते, फुगू द्या. पण तो मुलूख राखायची व्यवस्था काय होती? पंचाहत्तर लाखांच्या सालीना खंडणीच्या बोलीवर पंजाब अदिना बेगच्या हवाली केला, आणि तो त्याच साली मेला. मोहिमेनं पुण्याच्या तिजोरीत भर घालायची ती राहिली बाजूला, उलट कर्ज घरी आलं. १७५९ संपता संपता अब्दालीनं पंजाब परत घेतला. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. लाहोरपासून पानिपतापर्यंत तीन वर्षंही झाली नाहीत. एम्पायरच्या हिशेबात सहा टर्नसुद्धा नाहीत! तरी आम्ही मिरवतो अटक.

ज्याला मिरवायचंच असेल त्यानं जिंजी मिरवावी. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली ती नकाशा रंगवायला नव्हे. बारा वर्षांनी रायगड गेला, तेव्हा राजाराम महाराजांना जायला जागा होती. मुघल फौज त्या एका किल्ल्यापुढं १६९८ पर्यंत अडकून पडली आणि इकडं संताजी-धनाजींना मैदान मोकळं मिळालं. चढाई आणि सरहद्दीचं रक्षण ही दोन वेगळी खाती आहेत असं मानणाऱ्यांनी हे एक प्रकरण नीट वाचावं. घेतलेली जागा अडचणीच्या दिवशी तुम्हाला सांभाळणार असेल तर ती जिंजी. तिला सांभाळण्यातच तुमचा जीव जाणार असेल तर ती अटक. शहरावर चाल करण्याआधी एवढंच विचारा.

आता तटामागं दडून बसणाऱ्या कासवांनी फार खूश होऊ नये. चार शहरं, भोवती भिंती, दर भिंतीवर तिरंदाज आणि शंभर टर्न ‘नेक्स्ट टर्न’ दाबत बसणं याला संरक्षण म्हणत नाहीत, वाट बघणं म्हणतात. नगरच्या किल्ल्यात चांदबिबीनं मुघलांना हिमतीनं थोपवलं, तरी १५९६ च्या तहात वऱ्हाड द्यावं लागलं आणि १६०० मध्ये किल्लाही गेला. निजामशाही पुढं जगवली ती मलिक अंबरनं. तटावर विसंबून न राहता तो बाहेर पडला, रसद मारली आणि १६२४ मध्ये इथल्याच भातवडीला तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीची दलदल केली. मैदान स्वतः निवडलं आणि लढला. सरहद्द राखणं म्हणतात ते हे.

आणि फौज बाहेर, घर उघडं, याचा नमुना हवा असेल तर तोही नगरचाच आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये दौलतराव शिंद्यांची मोठी फौज निजामाच्या सरहद्दीकडं होती. इंग्रजांच्या वेलस्लीनं ८ तारखेला नगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला. चार दिवस! सहा आठवड्यांत असईची लढाईही झाली.

खेळ बनवणारेही धुतल्या तांदळाचे नाहीत. एम्पायरमध्ये जिंकायचं तर प्रांत मोजून दाखवा. सिव्हिलायझेशनमध्ये फौजेच्या जोरावर जिंकायचं तर साऱ्यांच्या राजधान्या घ्या. मोजमाप असं ठेवल्यावर पोरगं पळणारच. निदान सिव्हिलायझेशनच्या सहाव्या भागाला २०१८ मध्ये थोडी अक्कल आली: शहराच्या निष्ठेचा हिशेब सुरू झाला. घेतलेल्या शहरात गव्हर्नर नेमा, पलटण ठेवा, नाहीतर शेजारच्या परक्या वस्तीच्या दाबानं ते हातचं जातं. त्यावर आमच्या वीरांनी काय केलं? हे बंद करायचा मॉड शोधला.

तेव्हा सल्ला देत नाही, अट घालतो. पुढची चाल नदीशी, खिंडीशी थांबेल अशी आखा, म्हणजे कमी फौजेत जास्त सरहद्द राखता येईल. एक चांगली फौज कायम घरी ठेवा, तिनं एकही शहर जिंकलं नाही तरी. आणि माझ्याकडं ‘जिंकलं’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवायचा असेल तर शहर घेतल्या दिवसाचा पाठवू नका. वीस टर्न जाऊ द्या. तोवर ते तुमचंच असेल तर पाठवा, घोडेगावच्या चौकात चहा माझ्याकडून.