आकड्यासोबत त्याचा तपशीलही हवा

कोणता विषय लिहावा, कोणते पुस्तक छापावे, संकेतस्थळ कोणत्या भाषेत चालवावे, हे प्रश्न पूर्वी संपादक, प्रकाशक आणि व्यापारी आपल्या अनुभवाच्या आणि वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या आधारे सोडवीत असत. गेल्या दोन दशकांत त्यांच्या दिमतीला शोधशब्दांची, म्हणजे रूढ भाषेत कीवर्डची, सांख्यिकी आली. आणि आता ती सांख्यिकी चाळण्याचेही श्रम वाचावेत म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांना ती परस्पर आणून देणारी साधने सिद्ध झाली आहेत. या साधनांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु त्यांच्या उत्तरांतून आकडा येतो आणि आकड्याचा तपशील मागे राहतो, ही उणीव वरकरणी किरकोळ भासली तरी मराठीसारख्या भाषेला ती विशेष जाचक ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहार घडतो तो असा. ॲन्थ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या आधारे कोणताही प्रोग्रामर एखाद्या माहितीच्या दप्तराला सहायकाशी जोडू शकतो: साधनाचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावी लागते याचा नमुना, एवढे लिहून ठेवले की सहायक प्रश्न पाहून योग्य साधन निवडतो, नमुना भरतो, साधन परवान्यानिशी गुगलच्या जाहिरात विभागाकडून तक्ता आणते, आणि तो तक्ता वाचून सहायक त्याचे वाक्य करतो. ज्यास जाहिरात संस्थेची फी परवडत नाही अशा तालुक्याच्या गावच्या दुकानदाराला किंवा लहान प्रकाशकाला आपल्या साध्या मराठीत प्रश्न विचारून हे उत्तर मिळावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

अडचण त्या वाक्यात आहे. गुगलचे ‘कीवर्ड प्लॅनर’ हे साधन निर्माण झाले ते जाहिरातदारांसाठी, आणि त्यातील प्रत्येक रकान्याला त्या हेतूचा रंग आहे. ‘मासिक शोध’ म्हणून जो आकडा येतो तो मागील १२ महिन्यांची सरासरी असतो, आणि तोही पूर्णांकित केलेला. त्यामुळे दहावीच्या निकालासारखा विषय, ज्याचा शोध वर्षातील थोड्या दिवसांत उसळतो आणि मग शमतो, तो सरासरीत वर्षभर संथ वाहत असल्यासारखा दिसतो. महिनावार आकडे उपलब्ध असतात, पण ते मुद्दाम मागावे लागतात. २०१६ पासून जाहिरातीवर अल्प खर्च करणाऱ्या खात्यांना पडद्यावर नेमका आकडा न दाखविता ‘१०० ते १,०००’, ‘१,००० ते १०,०००’ असा दसपट रुंदीचा पल्ला दाखविला जातो. ‘स्पर्धा’ या रकान्यात जाहिरातदारांची चढाओढ नोंदलेली असते. त्या विषयावर किती लेख उपलब्ध आहेत याच्याशी तिचा संबंध नसतो, तरी अनेक जण तसाच अर्थ घेतात. आणि प्रोग्रामच्या वाटेने येणारी जाहिरातीच्या बोलीची रक्कम रुपयाच्या दशलक्षांश भागात येत असल्याने ४० रुपयांची बोली तक्त्यात ४,००,००,००० अशी दिसते. साधन रचणारा तिचा भागाकार करावयास विसरला तर सहायक ती रक्कम तशीच, अत्यंत सुबक भाषेत, सांगून मोकळा होईल. ‘गुगल ट्रेंड्स’चे आकडे तर शोधांची संख्या सांगतच नाहीत, निवडलेल्या काळातील आणि प्रदेशातील सर्वोच्च लोकप्रियतेला १०० मानून बाकीचे त्या प्रमाणात मांडलेले असतात. पडद्यावर या खुणा डोळ्यांसमोर राहतात. सहायकाच्या ओघवत्या वाक्यात त्या गळून पडतात, आणि वाचणाऱ्याच्या हाती उरतो एक निःशंक आकडा.

शोधांच्या आकड्यांवर निःशंक विसंबल्याने काय होते, याचा दाखला गुगलच्याच इतिहासात आहे. लोक तापाविषयी काय शोधतात यावरून अमेरिकेतील फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणारा ‘गुगल फ्लू ट्रेंड्स’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, ‘नेचर’सारख्या नियतकालिकात त्याची पद्धती प्रसिद्ध झाली आणि त्याचा मोठा गौरव झाला, परंतु ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१४ मध्ये आलेल्या चिकित्सेने दाखवून दिले की ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवड्यांत त्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा अधिक होता. शोधयंत्राची रचना गुगल वेळोवेळी बदलत होते, आणि त्या बदलांबरोबर लोकांच्या शोधण्याच्या सवयीही बदलत होत्या, हे त्यामागचे एक कारण त्या चिकित्सेने पुढे ठेवले. २०१५ मध्ये तो उपक्रम बंद झाला. त्या उपक्रमावर निष्णात सांख्यिकांची नजर होती. आजच्या सहायकाच्या उत्तरामागे अशी नजर बहुधा कोणाचीच नसते.

आकडा वाचण्याची एक तेजस्वी परंपरा महाराष्ट्रात आहे, हे येथे स्मरणे अप्रस्तुत होणार नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, त्यात सरकारी खजिन्यातील शिलकीचा आकडा त्यांनी नाकारला नाही. ती शिलक रुपयाचा चढविलेला भाव आणि कराचा बोजा यांतून कशी निष्पन्न झाली आणि दुष्काळाने गांजलेल्या रयतेच्या सुबत्तेचे ते गमक का नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांतून सिद्ध केले. त्यामागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या शिक्षकाने आकडेशास्त्राच्या व्यासंगातून दिलेली शिकवण होती. आज शोधशब्दांच्या तक्त्याला जो प्रश्न विचारावयास हवा तो हाच आहे: हा आकडा कशापासून निष्पन्न झाला?

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न टाळणे परवडणारे नाही. जमिनीचा उतारा हवा असणारा शेतकरी ‘सातबारा’ लिहितो, ‘७/१२’ लिहितो, ‘सातबारा उतारा’ लिहितो, आणि पुष्कळदा हेच शब्द रोमन अक्षरांत टंकितो. पीकविम्याची चौकशी करणारा ‘पीक विमा’, ‘पीकविमा’ किंवा ‘पिकविम्याची यादी’ असे लिहितो, कारण आपल्या भाषेत नामाला प्रत्यय लागताना त्याचे रूपच पालटते. यांपैकी कोणती रूपे साधनाने एकत्र मोजली आणि कोणती निरनिराळी, हे उत्तरात येत नाही. एकच गरज अनेक रूपांत विभागली जाते, प्रत्येकापुढे क्षुल्लक आकडा पडतो किंवा जागा रिकामी राहते, आणि सहायक कळवितो की या विषयास मराठीत मागणी नाही. २०११ च्या जनगणनेत ज्या भाषेचे ८ कोटी ३० लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले, तिच्याविषयीचा हा निर्वाळा ऐकून एखादा प्रकाशक शेतीवरील पुस्तक बाजूस ठेवतो, एखादी बँक मराठी पृष्ठ रद्द करते. मराठीत काही मिळत नाही म्हणून लोक इंग्रजीत शोधू लागतात. आणि पुढच्या वर्षीचा आकडा आणखी खाली येतो. आपणच निर्माण केलेल्या टंचाईचा पुरावा म्हणून तो पुन्हा पुढे केला जातो, आणि या चक्राची मला खरी चिंता वाटते.

म्हणून साधने रचणाऱ्यांनी आकडा परत करताना प्रदेश, भाषा, कालावधी, पूर्णांकन आणि एकत्र केलेली रूपे यांची नोंद त्याच तक्त्यात सक्तीने ठेवावी, आणि त्या नोंदीवाचून आकडा सांगू नये असा हुकूम साधनाच्या वर्णनातच लिहावा. सहायक ते वर्णन वाचूनच चालतो, तेव्हा ही तरतूद अवघड नाही. वापरणाऱ्यांनी मूळ तक्ता मागून पाहावा आणि मराठी शब्दाची सर्व रूपे स्वतः पुरवावीत. राज्य शासनाकडेही एक काम आहे. जमिनीच्या उताऱ्यांच्या महाभूलेखसारख्या शासकीय संकेतस्थळांवर नागरिक काय शोधतात, कोणत्या रूपात शोधतात आणि कोठे रिकाम्या हाताने परततात, याचे एकत्रित मासिक तक्ते शासनाने खुले करावेत, म्हणजे मराठी मागणीचे मोजमाप एका परदेशी जाहिरात व्यवसायाच्या खातेवहीवर अवलंबून राहणार नाही. मात्र २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे शोध नावे वगळून प्रसिद्ध केले, तेव्हा त्या शोधांवरूनच पत्रकारांनी एका व्यक्तीचा माग काढला होता. त्यामुळे हे तक्ते व्यक्तिवार मुळीच नसावेत, आणि अत्यल्प वेळा आलेले शब्द वगळल्यास किती वगळले तेही तेथेच नमूद असावे.