अकाली वार्धक्याची दखल

माणसाचे वय जन्मतारखेवरून मोजण्याची आपली रीत आहे. त्याच्या रक्तातील रक्षक पेशी मात्र हा हिशेब मानीत नाहीत. एचआयव्हीची बाधा झालेल्यांच्या शरीरात या पेशींचे वय देहाच्या वयापुढे धावते, असे गेल्या दोन दशकांच्या संशोधनाने दाखविले आहे. भारतात या रोगावरील औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ रोजी आरंभ झाला. त्या वेळी तिशीत असलेला रुग्ण आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. ज्या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूचा निरोप असे समजले जाई, तो घेऊन माणसे म्हातारी होत आहेत. ही वैद्यकशास्त्राची थोर कामगिरी खरी. पण तिच्याबरोबर आलेल्या नव्या प्रश्नाची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली गेलेली नाही.

प्रश्न मुळातून समजून घ्यावा असा आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रक्षक पेशींची ती शाळाच. तारुण्यानंतर ती आक्रसू लागते आणि नव्या, कोऱ्या पेशींचा पुरवठा उतरत जातो. हे निरोगी माणसातही घडते. एचआयव्ही नेमका या पेशींच्या एका प्रमुख वर्गाचा घात करतो आणि ती तूट भरून काढण्यासाठी उरलेल्यांना पुन्हा पुन्हा विभागावे लागते. पेशीच्या विभाजनाला मर्यादा आहे, हे लिओनार्ड हेफ्लिक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले होते. प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्रांच्या टोकांवरील आवरण झिजते आणि अखेर पेशी थकते. दुर्दैव असे, की थकलेल्या सगळ्याच पेशी मरत नाहीत. कित्येक रक्तात रेंगाळतात, नव्या जंतूला ओळखीत नाहीत, आणि वर दाह निर्माण करणारी द्रव्ये मात्र सोडीत राहतात. त्यात आतड्याची भर पडते. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथील रक्षक पेशींची मोठी हानी होते आणि जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. औषध विषाणूला दडपते. हा धुमसता दाह मात्र पुरता विझत नाही. हृदयविकार, ठिसूळ हाडे, मूत्रपिंडाचे विकार आणि काही कर्करोग या रुग्णांत अधिक आढळतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. उपचार जितका उशिरा सुरू व्हावा, तितकी ही झीज अधिक.

कोणी म्हणेल, जगले हेच पुष्कळ. आता म्हातारपणाचीही तक्रार कशाला? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही, आणि गोमंतकीयांच्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ त्याच्या रक्तात हा विषाणू सापडला म्हणून म्हापशाच्या क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवण्यात आले. आग्वादच्या कोठड्यांची आठवण जिवंत असलेल्या या भूमीत, मुक्तीनंतर तिसाव्या वर्षाच्या आतच, आपल्याच विधानसभेने केलेल्या कायद्याने एका आजारी माणसाला बंदिवान केले! १९९२ साली तो गेला. त्या घटनेने पसरलेली धास्ती मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. रोग लपविण्याची सवय आपल्या समाजाला लागली आणि ती पुरती सुटलेली नाही.

ही लपवाछपवी उतारवयात घातक ठरते. छातीत दुखते म्हणून माणूस हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो आणि जी औषधे तो रोज घेतो त्यांचा उल्लेखही करीत नाही. मधुमेहावर सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन हे आजच्या एचआयव्ही-उपचारातील डोलुटेग्राव्हीरबरोबर घेतले तर रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. कोलेस्टेरॉलवरील काही औषधे या रोगावरील विशिष्ट गोळ्यांबरोबर देऊच नयेत, असा दंडक आहे. ज्या डॉक्टरला अर्धेच सांगितले गेले, त्याने काय करावे?

दोष रुग्णाचाच आहे असे मात्र नव्हे. जगभर या कामाची प्रगती तीन आकड्यांनी मोजतात: बाधितांपैकी किती जणांना आपली बाधा ठाऊक आहे, त्यांपैकी किती जण औषध घेतात आणि त्यांपैकी किती जणांचा विषाणू दबला आहे. विषाणू दबला की मोजणी संपली! पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा रकाना या तक्त्यात नाही. आणि करण्याजोगे काही नाही असेही नाही. भारतासह बारा देशांतील ७,७६९ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. चाळिशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका वरकरणी फारसा नसलेल्या या लोकांना पिटाव्हास्टॅटिनची रोजची एक गोळी दिली असता हृदयविकाराच्या झटक्यासारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. जुनीच गोळी ती. शोध लागला तो तिच्या नव्या उपयोगाचा.

तेव्हा ज्या खिडकीवर महिन्याची औषधे मिळतात, तेथेच चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर व चरबी तपासली जावी, हाडांची विचारपूस व्हावी, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी टोचल्या जाव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही की कोनशिला बसवायला मंत्री लागत नाही. लागते ती एक वेगळी नोंदवही आणि ती भरण्यास वेळ असलेला माणूस.

आणखी एक गोष्ट आहे. या रुग्णांतील कित्येकांचे जोडीदार त्याच रोगाने आधीच गेले. कित्येकांना मुले नाहीत, असली तर परदेशी आहेत. उद्या त्यांना वृद्धाश्रमाचा आधार लागेल. सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या केंद्रीय कायद्याने एचआयव्हीच्या कारणावरून भेदभाव करण्यास आणि कोणत्याही सेवेसाठी या तपासणीची अट घालण्यास मनाई केली आहे. राज्यातील वृद्धाश्रम प्रवेशाच्या अर्जासोबत कोणकोणते वैद्यकीय दाखले मागतात, याची तपासणी समाजकल्याण खात्याने विनाविलंब हाती घ्यावी आणि तिचा अहवाल विधानसभेपुढे ठेवावा.