तिघींना मिळून पाठवा

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले. आता आयटीआयचे ऑनलाइन अर्ज भरणं चालू आहे. माझी विनंती या चार-आठ दिवसांपुरतीच आहे, नंतर तिचा उपयोग नाही. मुलीचा अर्ज भरायला महा-ई-सेवा केंद्रात जाल तेव्हा शिवणकाम आणि ब्युटीपार्लरच्या वर इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, मशिनिस्ट हेही ट्रेड टाका. आणि एकटीचा अर्ज भरू नका. गावातल्या, वाडीवरच्या दोघी-तिघींचे अर्ज एकत्र बसून, एकाच ट्रेडला भरा.

असं का म्हणते ते सांगते. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन शिकवते. मागच्या वर्षी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. गणितात चांगले गुण होते, मेरिटमध्ये सहज बसली असती. वडील वर्कशॉपच्या दारातूनच आत बघत राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, वर्गात पोरी किती?" म्हटलं, "अजून एकही नाही. हीच पहिली." मुलगी टेबलावरच्या उघड्या मोटरपाशी होती, तांब्याच्या तारेचे वेढे बोटाने मोजत होती. वडील "चल" म्हणाले, तसं तिने बोट उचललं. ती पुन्हा आली नाही.

त्या बापाला मी बोल लावत नाही. सगळ्या पोरांत आपली एकटी पोर, त्यात संध्याकाळची एसटी चुकली तर काय, हा घोर कुणालाही लागेल. पण त्याच आठवड्यात शेजारच्या गावांतल्या आणखी दोन मुली असंच विचारून परत गेल्या होत्या. तिघींच्या घरच्यांना मी एकच उत्तर दिलं, 'एकही नाही'. तिघी एका दिवशी आल्या असत्या तर ते उत्तरच खोटं ठरलं असतं. हे मला आजही लागतं.

आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. मुली आल्या नाहीत की त्या जागा मुलांना जातात. शिवणकामाला मी कमी लेखत नाही. माझ्या आईने शिलाई मशीनवरच मला शिकवलं. पण आज गावोगाव ब्लाऊज शिवणाऱ्या दहा जणी आहेत आणि जळालेली मोटर भरून द्यायला तालुक्याला जावं लागतं.

दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन केला की विद्यावेतनावर अप्रेंटिसशिप करता येते, महावितरणच्या भरतीला बसता येतं, पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट असते. गणित-विज्ञान राहिलं असेल तर वायरमन, वेल्डर आहेत. जड काम, खांबावर चढणं पोरींना जमेल का, असं विचारता? २०२०च्या टाळेबंदीत बीड जिल्ह्यातल्या एका वीज तंत्रज्ञ बाईंना शिडीविना खांबावर चढताना सगळ्या देशाने पाहिलं. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या.

दुसरं एक काळजीचं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. दहावीनंतर मुलगी घरी बसली की पाहुणे येऊ लागतात. तिच्या हातात टेस्टर आणि पक्कड असली, रोज सकाळी एसटी गाठायची असली, की 'शिकतेय अजून' म्हणायला आईलाही बळ येतं.

मुख्याध्यापकांनो, दाखला देताना प्रत्येक मुलीला विचारा, सोबत कोण येतंय. सरपंचांनो, ग्रामपंचायतीत एक संध्याकाळ या मुलींच्या आयांना बोलवा, आणि मुलींच्या सुटीच्या वेळेला गाडी मिळावी म्हणून आगारप्रमुखांकडे अर्ज द्या. महिलांना एसटीत २०२३पासून अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करणार? माझ्याच क्षेत्रातल्या सहकाऱ्यांनो, वर्कशॉपजवळ मुलींसाठी दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर प्रवेश संपायच्या आत ते करून घ्या. कारखानदारांनो, अप्रेंटिस घेताना मुलींना पहिल्याच दिवशी पॅकिंगला बसवू नका, मशीनवर उभं करा.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला घेऊन या. पोरींना घेऊन या, त्यांच्या मैत्रिणींनाही आणा. वर्कशॉप उघडं आहे, मोटर टेबलावरच ठेवली आहे.