दीक्षाभूमीचे पार्किंग थांबवले. आता पार्किंगवाल्यांच्या शहराचे काय?

1 जुलै 2024 रोजी हजारो आंबेडकरी अनुयायी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जमले आणि तिथल्या भूमिगत पार्किंगचे काम त्यांनी बंद पाडले. त्याच दिवशी सरकारला विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. स्तूपाला असलेला धोका, बोधिवृक्षाची काळजी, समाजाला विश्वासात न घेता खोदलेला खड्डा, या सगळ्यांवर भरपूर लिहून झाले आहे. आम्हाला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. हे पार्किंग मुळात कोणासाठी होते?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. ती रेल्वेच्या जनरल डब्यातून येतात, एसटीने येतात, वर्गणी काढून केलेल्या टेम्पोने येतात आणि स्टेशनपासून पायी चालतात. त्यांना प्यायचे पाणी हवे असते, स्वच्छ शौचालय हवे असते, पाऊस आला तर डोक्यावर छप्पर आणि रात्री परतायला गाडी हवी असते. भूमिगत पार्किंग पाहिजे म्हणून एखादी आजी यवतमाळहून निघाली, असे आम्ही तरी कधी पाहिले नाही. तरीही विकास म्हटला की योजना आखणाऱ्यांना आधी मोटार दिसते, माणूस नंतर.

हा विचार दीक्षाभूमीपुरता नाही. सगळे नागपूर याच विचाराने बांधले जात आहे. वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा डबलडेकर पूल झाला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली, पेढे वाटले गेले. पुलांचे विक्रम होतात, पण पुलाखाली बसची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या बाईच्या तासाभराची नोंद कोणत्या बुकात होते? 2006 सालचे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण सांगते की नियोजन वाहनांचे नको, माणसांच्या ये-जा करण्याचे हवे. धोरण कागदावर राहिले आणि पैसा पुलांवर गेला.

साधा हिशेब मांडू. एक मोटार नुसती उभी करायला सुमारे 130 चौरस फूट जागा लागते. आमच्या कितीतरी वस्त्यांत एवढ्याच खोलीत पाच माणसांचा संसार चालतो. त्या खोलीला अतिक्रमण म्हणून नोटीस येते. तेवढीच सार्वजनिक जागा रस्त्याकडेला अडवून उभ्या असलेल्या मोटारीला मात्र शहर फुकट पार्किंग देते. भाजीचा ठेला उचलला जातो, एसयूव्ही तशीच राहते. याला वाहतुकीची समस्या म्हणणे म्हणजे जातिव्यवस्थेला श्रमविभागणी म्हणण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी त्या भ्रमाला उत्तर दिलेच होते: ही श्रमिकांची विभागणी आहे. आज रस्त्यावरही माणसांची विभागणी चालू आहे.

उत्तर नागपुरातल्या तरुणाला बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जायचे असेल तर काय करावे? बसची खात्री नाही, शेअर ऑटो परवडत नाही. मग पहिल्या पगाराआधीच दुचाकीचे कर्ज निघते. अनेक नोकऱ्यांच्या जाहिरातीत आता स्पष्ट लिहिलेले असते, 'स्वतःची दुचाकी आवश्यक'. म्हणजे पदवी आहे, पण गाडी नाही म्हणून अपात्र! मुलींचे तर आणखी वेगळे. वस्त्यांत काम करताना आम्ही हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो, 'कॉलेज चांगलं आहे, पण जायची सोय नाही.' सावित्रीमाईंच्या लेकींचे शिक्षण आज बस न मिळाल्यामुळे थांबते आणि त्याचे खापर बापाच्या मागासलेपणावर फुटते.

काही बांधव म्हणतील, आता कुठे आपल्या दारात चारचाकी आली, लगेच तिच्यावर टीका का? टीका गाडी घेणाऱ्यावर नाही. वाहन हा आपल्यासाठी सन्मानाचा प्रश्न होता आणि आहे. 1929 साली चाळीसगावला बाबासाहेबांना न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. साहेबांनी पायी चालणे वस्तीतल्या लोकांना मानवेना, म्हणून टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला. टांगा पुलावर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. या प्रसंगातून आम्ही असा धडा घेतो की प्रवास दुसऱ्याच्या मर्जीवर असता कामा नये. लाल एसटीत तिकीट काढले की आसन मिळते, कंडक्टरने जात विचारायची नसते. ही ताकद सार्वजनिक वाहनात आहे. शंभरातल्या पाचांनी मोटारी घेतल्या तर पंच्याण्णवांचा प्रश्न सुटत नाही.

संविधानाचे कलम 15(2) वाचा. सार्वजनिक पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याच रांगेत तिथे 'रस्ते' हा शब्द आहे. चवदार तळे सर्वांच्या पैशाचे होते, तरी पाणी काहींनाच मिळत होते. 1923 च्या बोले ठरावाने हक्क कागदावर दिला, तो बजावायला 1927 साली महाडला जावे लागले. आज रस्ता सर्वांच्या कराचा आहे. त्यावर जात विचारली जात नाही, मोटार विचारली जाते. आणि मोटार कोणाच्या दारात जास्त आणि कोणाच्या दारात कमी, हे जातीने ठरवून दिलेल्या संपत्तीला विचारा.

आणखी एक गोष्ट चळवळीच्या नजरेतून सुटू नये. नागपूरची 'आपली बस' खासगी ऑपरेटरांमार्फत चालते. जिथे कंत्राट आले तिथे बिंदुनामावली संपली, म्हणजे चालक-वाहकाच्या कायम नोकरीतले आरक्षण गेले. बस मिळत नाही आणि बसवरची नोकरीही मिळत नाही, हा दुहेरी मार आहे.

म्हणून तरुणांनो, काम सांगतो. माहिती अधिकारात अर्ज टाका: आपल्या प्रभागातून बसच्या किती फेऱ्या मंजूर आहेत, प्रत्यक्षात किती धावल्या, किती रद्द झाल्या, ऑपरेटरला किती दंड झाला? आठवडाभर थांब्यावर उभे राहून स्वतः मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर ते वाचून दाखवा. मत मागायला येणाऱ्याला विचारा, पुलाचे राहू द्या, सकाळी सातची बस कधी सुरू करणार? चालक-वाहकांची भरती महापालिकेने आरक्षणासह करावी, ही मागणी प्रत्येक निवेदनात पहिल्या क्रमांकावर लिहा.

दीक्षाभूमीचा खड्डा एका दिवसाच्या एकजुटीने थांबला. बसचा लढा एका दिवसात होणार नाही, त्याला रोज थांब्यावर उभे राहावे लागेल. आपली माणसे तिथे रोज उभीच आहेत. त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहू.

जय भीम!